टर्बो मोटारींतील हवा व इंधन यांचा जमाखर्च

आपल्या संघाच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं हल्लीं मोटार उभी असते. उसाचें बिल हातीं आलें किंवा मुलाचें लग्न ठरलें, कीं गाडी घेण्याचा विषय निघतो. अलीकडे विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या लहान गाड्यांपैकीं बऱ्याच गाड्या टर्बो जातीच्या असतात. इंजिन तीन सिलिंडरांचें व एक लिटर मापाचें, पण ताकद मात्र साध्या दीड लिटरच्या इंजिनाएवढी. ही ताकद कोठून येते आणि ती देतांना इंजिनाच्या पोटांत काय जपावें लागतें, हें विकणारा सांगत नाहीं व घेणाराहि विचारीत नाहीं. आमच्या घरांतील एका गाडीचें इंजिन या अज्ञानापायीं गेलें. तें कां गेलें याचा शोध घेतांना जें समजलें, तें सभासद बंधूंच्या उपयोगीं पडावें या हेतूनें हा लेख लिहिला आहे. प्रस्तुत लेखक इंजिनियर नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. परंतु हा विषय मुळांत जमाखर्चाचा आहे, आणि जमाखर्च तपासण्यांतच आमचें आयुष्य गेलें.

हवेचें व इंधनाचें प्रमाण

पेट्रोल जळतें म्हणजे त्याचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतो. चुलींत लांकडें कोंबलीं व हवेला वाट ठेविली नाहीं तर धूर होतो. लांकूड थोडें व वारा फार झाला तर जाळ टिकत नाहीं. इंजिनाचेंहि तसेंच आहे. एक भाग शुद्ध पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचें वजन सुमारें पाऊण किलो असतें. त्यास अकरा किलो हवा लागते, आणि एवढी हवा मोजूं गेल्यास नऊ हजार लिटरांच्या घरांत जाते. घरावरील हजार लिटरांची टाकी डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे तशा नऊ टाक्या हवा एका लिटरामागें इंजिन ओढून घेतें हें ध्यानांत येईल.

हवा व इंधन यांची अशी तंतोतंत जुळणी झाली म्हणजे लॅम्डा १ झाला असें म्हणतात. लॅम्डा एकाहून कमी असेल तर इंधन अधिक, म्हणजे मिश्रण दाट. एकाहून जास्त असेल तर हवा अधिक, म्हणजे मिश्रण विरळ. मिस्त्री लोक यांसच रिच व लीन म्हणतात.

येथें आपल्या उसाचाहि संबंध येतो. साखर कारखान्यांतून निघणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात, आणि हें मिश्रण २० टक्क्यांपर्यंत नेण्याचा टप्पा देशानें २०२५ सालीं गाठला. इथेनॉलच्या अंगीं मूळचाच प्राणवायु असल्यामुळें त्याच्या एका भागास वजनानें नऊच भाग हवा पुरते. त्यामुळें २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचें जुळणीचें प्रमाण १४.७ न राहतां सुमारें १३.५ वर येतें. म्हणजे तेवढ्याच हवेंत वजनानें सुमारें नऊ टक्के इंधन अधिक सोडावें लागतें. मिश्रण दाखविणाऱ्या पुष्कळ घड्याळांवर शुद्ध पेट्रोलचेच आंकडे छापलेले असतात; पंपावरचें पेट्रोल तसें नसतें. याकरितां १४.७ हा आंकडा पाठ करून न बसतां लॅम्डाच पाहावा. इंधन कोणतेंहि असो, पुरत्या जुळणीचा लॅम्डा नेहमीं १ च असतो.

टर्बोनें काय बदलतें

साधें इंजिन आपल्या ओढीनें जेवढी हवा येईल तेवढीच घेतें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरानें एक चक्र फिरवावें, त्याच आंसावर दुसरें चक्र बसवून त्यानें ताजी हवा दाबून आंत भरावी, ही युक्ति स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचें पेटंट १९०५ सालचें आहे. आजच्या लहान टर्बोचीं हीं चक्रें मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतात. हवा दुप्पट दाबानें भरली म्हणजे त्या मानानें इंधनहि अधिक सोडतां येतें, आणि लहान इंजिन मोठ्याचें काम करूं लागतें.

परंतु हवा दाबली कीं ती तापते. सायकलचा पंप जोरानें मारला असतां तो हाताला गरम लागतो, त्यांतलाच हा प्रकार. ही हवा थंड करण्यास इंटरकूलर बसवितात. तरीहि सिलिंडरांतील दाब व उष्णता साध्या इंजिनाहून अधिकच राहते. मग प्लगची ठिणगी पडल्यावर जाळ पसरत जाऊन सर्व मिश्रण क्रमानें जळावें, तें न होतां कोपऱ्यांत राहिलेलें मिश्रण स्वतःच एकदम भडकतें. यासच नॉकिंग म्हणतात. पत्र्यावर खडे पडावे तसा आवाज येतो, आणि प्रत्येक आवाजासरशीं पिस्टनवर घणाचा घाव बसतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, आणि जळणाऱ्या मिश्रणाची उष्णता तर याच्या कितीतरी वर असते. पिस्टन टिकतो तो केवळ त्याची उष्णता सिलिंडरच्या भिंतींत व तेलांत सतत वाहून जाते म्हणून.

ही अडचण टर्बोच्या आरंभापासूनची आहे. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल कंपनीनें जेटफायर नांवाची टर्बो मोटार काढली, तेव्हां नॉकिंग टाळण्याकरितां पाणी व मिथेनॉल यांचें मिश्रण इंजिनांत फवारण्याची निराळी टाकी तींत ठेविली होती. पुष्कळ मालक ती टाकी भरण्यास विसरत. पुढें कित्येकांनीं टर्बोच काढून टाकून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला.

हल्लींच्या गाडींत निराळें पाणी नसतें. तें काम बहुतेक गाड्यांत पेट्रोलच करतें. सपाट रस्त्यानें बेताच्या वेगानें जातांना गाडीचा संगणक लॅम्डा १ च्या आसपास राखतो. परंतु घाट चढतांना अगर पॅडल पुरतें दाबलें असतां तो मुद्दाम अधिक इंधन सोडून लॅम्डा ०.८ ते ०.९ च्या दरम्यान आणतो. हें जास्तीचें पेट्रोल जळण्यासाठीं नसतें. त्याची वाफ होतांना उष्णता शोषली जावी, पिस्टन व टर्बो वांचावे, एवढ्याचसाठीं असतें. कांहीं नव्या इंजिनांत हा भाग पाण्यानें थंड करून जास्तीच्या पेट्रोलची गरज कमी केली आहे. त्यामुळें नेमका आंकडा गाडीगणिक निराळा असतो.

येथें ट्रॅक्टरवाल्या बंधूंस एक इशारा द्यावासा वाटतो. डिझेल इंजिनांत हवा नेहमींच गरजेहून अधिक असते, आणि डिझेल जितकें अधिक सोडावें तितकी उष्णता वाढते. म्हणून पंप चढविलेला ट्रॅक्टर काळा धूर ओकतो व तापतो. धोका डोळ्यांस दिसतो. टर्बो पेट्रोल इंजिनाचें याच्या उलट आहे. त्याच्यावर भर ताण असतांना इंधन कमी पडलें म्हणजे उष्णता वाढते. तेव्हां धूर निघत नाहीं, वास येत नाहीं, उलट दाट मिश्रण थोडें विरळ झाल्यानें गाडी अधिकच चपळ वाटते. ट्रॅक्टरवर शिकलेली परीक्षा येथें लावूं नये.

शिल्लक पाहण्याचें यंत्र

आतां जमाखर्चाकडे येऊं. आंत आलेली हवा ही जमा. तिच्या हिशेबानें इंजेक्टरांतून सोडलेलें इंधन हा खर्च. हिशेब बरोबर कीं चूक हें कळावयाचें असेल तर शेवटीं शिल्लक पाहिली पाहिजे, आणि ही शिल्लक म्हणजे धुरांत उरलेला प्राणवायु. तो पाहण्याकरितां धुराच्या नळींत एक सेन्सर बसवितात, त्यास लॅम्डा सेन्सर म्हणतात. बॉश कंपनीनें तयार केलेला हा सेन्सर १९७६ सालीं व्होल्वोच्या मोटारींत प्रथम आला.

या सेन्सरच्या दोन जाती आहेत, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळेंच आमचें नुकसान झालें. पहिली जात अरुंद पल्ल्याची. ती तापून सुमारें ३०० अंशांच्या वर गेली म्हणजे विजेचा दाब देऊं लागते: मिश्रण विरळ असल्यास सुमारें ०.१ व्होल्ट, दाट असल्यास सुमारें ०.९ व्होल्ट, आणि बरोबर जुळणीपाशीं एकदम एकाकडून दुसरीकडे उडी. जुळणीच्या कोणत्या बाजूस मिश्रण आहे एवढेंच ती सांगते. किती दूर आहे हें तिला सांगतां येत नाहीं. दुसरी जात रुंद पल्ल्याची. तिच्या पोटांत प्राणवायु खेचणारा किंवा ढकलणारा एक लहानसा घटक असतो. त्यास किती वीज लागली यावरून लॅम्डाचा प्रत्यक्ष आंकडा मिळतो. पहिली जात रक्कम जमेची कीं नांवेंची एवढें सांगते. दुसरी रक्कम किती तें सांगते.

आमच्या गाडीचें काय झालें

आमच्या पुतण्यानें टर्बो पेट्रोल गाडी घेतली व वर्षभरानें तालुक्याच्या एका गॅरेजांत नेऊन तिच्या संगणकांतील हिशेब बदलून घेतला. टर्बोचा दाब वाढला, गाडी बाण सुटावा तशी धावूं लागली. गॅरेजवाल्यानें खात्री म्हणून पुढें एक लहान घड्याळ बसविलें होतें. ताण असतांना त्यावर हिरवा दिवा लागे, म्हणजे मिश्रण दाट आहे, काळजी नाहीं. आम्हींहि तो दिवा पाहिला व निश्चिंत झालों.

दोन महिन्यांनीं चिपळूणहून परत येतांना आम्ही पांच माणसें व सामान घेऊन कुंभार्ली घाट चढत होतों. अर्ध्या चढावर खडखड ऐकूं आली. आम्ही पुतण्यास म्हटलें, "बाबा, हा आवाज कसला?" तो म्हणाला, "काका, वरच्या गिअरमुळें असेल, दिवा हिरवाच आहे." आम्ही गप्प बसलों. त्यापुढें दोन वळणें झालीं नसतील, तोंच गाडीची ताकद गेली व मागें निळा धूर दिसूं लागला. इंजिन उघडलें तेव्हां मधल्या पिस्टनची कड वितळून गेलेली होती. दुरुस्तीचा खर्च एका चांगल्या बैलजोडीच्या किमतीहून अधिक झाला. हिशेब परभारें बदलला असल्यामुळें हमीचाहि उपयोग झाला नाहीं.

दुरुस्ती दुसऱ्या एका मिस्त्रीनें केली. त्यानें टर्बोनंतरच्या नळींत रुंद पल्ल्याचा सेन्सर बसविला, टाकींतील जुना पंप तसाच ठेवून थोडाच वेळ ताण दिला आणि आम्हांस आंकडे दाखविले. आरंभीं लॅम्डा ०.८४ होता, वेग वाढला तसा तो चढत ०.९६ वर गेला, तेव्हां त्यानें लगेच पाय काढला. पंपाची जाळी कचऱ्यानें भरली होती. बेताच्या चालीस पुरेल एवढें पेट्रोल येत होतें; वाढविलेल्या दाबास पुरेसें येत नव्हतें. आणि या साऱ्या वेळांत जुनें घड्याळ हिरवेंच होतें. तें खोटें बोलत नव्हतें. ०.८४ हेंहि दाट व ०.९६ हेंहि दाटच. पण एकांत पिस्टन वांचतो व दुसऱ्यांत वितळतो, हें सांगण्याची त्याची ऐपतच नव्हती.

आंकडाहि कोठें फसवितो

रुंद पल्ल्याचा सेन्सर असला म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. तो पेट्रोल पाहत नाहीं, उरलेला प्राणवायु पाहतो. एखाद्या सिलिंडरांत ठिणगीच पडली नाहीं तर तेथील हवा न जळतां तशीच बाहेर येते आणि सेन्सर मिश्रण विरळ आहे म्हणून सांगतो. वस्तुतः दोष प्लगचा असतो. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीस भेग असेल तर बाहेरची हवा आंत ओढली जाऊन असाच खोटा आंकडा येतो. ज्या गाडींत आंत येणारी हवा आरंभींच मोजतात, तींत टर्बोनंतरची रबरी नळी फुटली तर मोजलेली हवा वाटेंतच गळते, आणि मिश्रण दाट होऊन काळा धूर येतो. जमेंतच चूक झाली म्हणजे शिल्लक जुळत नाहीं.

आणखी एक गोष्ट महसुली कामाच्या अनुभवावरून चटकन् पटली. सेन्सर सर्व सिलिंडरांच्या एकत्र धुराची सरासरी सांगतो. गांवाची पैसेवारी साठ पैसे लागली म्हणून ज्याचें एकट्याचें शेत करपलें त्याचें पीक भरून येत नाहीं. तसेंच एक इंजेक्टर अर्धवट तुंबला व बाकीचे नीट असले तर सरासरी साधारण दिसते, पण तो एक सिलिंडर जळत असतो. म्हणून आंकडा चांगला असूनहि नॉकिंग ऐकूं आलें, तर आंकड्यापेक्षां कानावर विश्वास ठेवावा.

सामान्य मालकानें काय करावें

ज्यांनीं गाडींत कांहींहि बदल केलेला नाहीं, त्यांस निराळें घड्याळ घेण्याचें कारण नाहीं. स्टीअरिंगखालीं तपासणीची एक खांच असते, तींत बसणारें स्वस्त उपकरण मिळतें व त्यावरचे आंकडे मोबाईलवर दिसतात. पुष्कळ गाड्यांत लॅम्डाहि दिसतो. पण सर्वांत उपयोगी रकाना म्हणजे फ्युएल ट्रिम. संगणक आपल्या अंदाजानें इंधन सोडतो, सेन्सरची शिल्लक पाहतो आणि जेवढी तफावत पडेल तेवढी दुरुस्ती करतो. ती टक्केवारीनें येथें नोंदविलेली असते. दप्तरांत जिला आपण रुजवात म्हणतों, तीच ही. याबाबत पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

१. इंजिन तापल्यावर लांब मुदतीचा ट्रिम पाहून वहींत लिहून ठेवावा. शून्याच्या पांच टक्के वर किंवा खालीं असल्यास ठीक. दहा टक्क्यांहून अधिक तफावत राहिली तर कारण शोधावें.

२. गाडी उभी असतां ट्रिम बराच अधिक येतो व वेग वाढवितांच शून्याकडे जातो, असें झाल्यास इंजिनाच्या तोंडापाशीं कोठें तरी न मोजलेली हवा शिरत आहे असें समजावें.

३. उलट, ताण वाढेल तसा ट्रिमहि वाढत गेला तर इंधन अपुरें पडत आहे किंवा हवा मोजणारें उपकरण मळलें आहे. आमच्या गाडीची खूण हीच होती. पण वही ठेविली नव्हती.

४. एअर फिल्टर, प्लग व पेट्रोलची जाळी यांचा काळ पुस्तिकेंत दिलेला असतो. धुळीच्या रस्त्यानें रोज जाणें असेल तर त्याहि आधीं पाहावें.

५. सेन्सरजवळचें काम करतांना सिलिकॉनचा साधा लेप वापरूं देऊं नये. त्याच्या वाफेनें सेन्सर मरतो.

६. चढावर खडखड ऐकूं आली तर लगेच पॅडलवरील पाय सैल करावा, मग गाडीवरचा दिवा कोणत्याहि रंगाचा असो.

ज्या तरुणांस संगणकाचा हिशेब बदलून ताकद वाढविण्याची हौस आहे, त्यांना नुसतें नको म्हणून ते ऐकणार नाहींत हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं एवढें तरी करावें. बदल करणाऱ्याकडून रुंद पल्ल्याच्या सेन्सरनें घेतलेली लेखी नोंद मागावी. तींत इंजिनाचे फेरे, टर्बोचा दाब व लॅम्डा हे तिन्ही रकाने शेवटच्या वेगापर्यंत भरलेले असावे. वाढविलेल्या दाबास पंप पुरतो कीं नाहीं हें त्या नोंदींत दिसलें पाहिजे. सातबाराचा उतारा पाहिल्यावांचून आपण गुंठाभर जमीन घेत नाहीं. मग ज्या इंजिनावर घरचीं माणसें बसवून घाट चढावयाचा, त्याचा उतारा न पाहतां पैसे कां द्यावे?

पुतण्याची गाडी आतां मूळच्या हिशेबावर चालते. टाकींतील पंप नवा आहे. पुढच्या कप्प्यांत एक वही असते व तींत दर महिन्याचा ट्रिम लिहिलेला असतो. मागल्या पावसाळ्यांत तो दोनावरून सातावर गेला, तेव्हां त्यानें स्वतःच शोध केला. हवेच्या नळीचा एक पट्टा सैल झाला होता. पांच मिनिटांत काम झालें. घाटांतल्या त्या दिवशीं आपण आवाज ऐकूनहि गप्प बसलों याची खंत आम्हांस आहेच. परंतु आतां वहीच्या पानावर सही करतांना तो आम्हांस हांक मारतो, आणि आम्ही जुन्या संवयीप्रमाणें आंकडे तपासून खालीं तारीख घालतों.